चौथ्या कार्डावर उभी राहणारी कारकीर्द: अमेरिकी हायस्कूलचा गोल्फ कोच

नामवंत गोल्फपटू स्कॉटी शेफलर टेक्सासातल्या डॅलसच्या हायलंड पार्क हायस्कूलकडून खेळला, तितकाच नामवंत जॉर्डन स्पीथ त्याच शहरातल्या जेझुइट शाळेकडून. पण दोघांचा स्विंग (काठी फिरवून फटका मारण्याची ढब) घडवला शाळेबाहेरच्या गुरूंनी: शेफलरचा रँडी स्मिथ यांनी, स्पीथचा कॅमरन मॅकॉर्मिक यांनी. मग शाळेचा कोच करतो काय?

हा कोच बहुधा मुळात शिक्षक असतो. दिवसभर वर्ग घेऊन दुपारी संघ सांभाळणारा, त्याचं वेगळं मानधन घेणारा. कोर्स, म्हणजे गोल्फचं मैदान, क्वचितच शाळेचा असतो. सार्वजनिक कोर्स किंवा क्लब देईल त्या वेळेत भागवायचं. शाळा सुटल्यावर उजेड थोडाच उरतो, म्हणून दोन शाळांमधले सामने सहसा निम्म्या फेरीचे, 9 होलचे. हंगाम राज्यागणिक बदलतो: टेक्सासची राज्य स्पर्धा वसंतात, इलिनॉय आणि ओहायोची शरदात. शिक्षणातला लिंगभेद रोखणाऱ्या 1972 च्या टायटल नाइन कायद्यानंतर शाळांमधला मुलींचा खेळ झपाट्याने वाढला आणि कित्येक कोचांकडे दोन्ही संघ आले.

यशाचं गमक मात्र गुणपद्धतीत आहे. टेक्सासात संघात पाच खेळाडू, त्यातले सर्वांत कमी चार स्कोअर (एकूण फटके, म्हणजे स्ट्रोक) धरायचे; बेरीज जितकी कमी तितकी चांगली. समजा कार्डं (स्कोअरची पत्रकं) आली 71, 78, 84, 91 आणि 96. बेरीज 324. हुकमी खेळाडूने जिवापाड मेहनत करून 69 केले तर संघाचे दोन स्ट्रोक वाचतात. चौथा 91 वरून 85 वर आला तर सहा! आणि ही सुधारणा तुलनेने सोपी, कारण 91 वाल्याचे स्ट्रोक स्विंगच्या बारकाव्यांत कमी आणि टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) हद्दीबाहेर गेलेल्या चेंडूंत, ग्रीनच्या (खड्ड्याभोवतीच्या बारीक हिरवळीच्या) काठावरून फसलेल्या चिपमध्ये (आखूड फटक्यात), तीन-तीन पटमध्ये (ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याच्या फटक्यांत) जास्त जातात. म्हणून जाणता कोच सरावाच्या ड्रायव्हिंग रेंजवर चेंडूंच्या बादल्या रिकाम्या करून घेत नाही. शंभर यार्डांच्या आतले फटके, तीस फुटांवरून पहिला पट होलजवळ थांबवणं आणि अरुंद होलवर ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारी काठी) बॅगेतच ठेवणं, यावर त्याचा वेळ जातो.

दुसरी गळती नियमांची. प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा लिहिलेलं कार्ड सही करून दिलं की खेळाडू बाद. जास्त लिहिला तर तोच कायम. वरच्या संघातला 71 वाला असा बाद झाला तर 96 मोजावा लागतो आणि बेरीज 349 होते. चेंडू हरवल्याची शंका असेल तर पुढे जाण्याआधी ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता) असं स्पष्ट सांगून दुसरा चेंडू मारायचा. शोधायला 2019 पासून तीनच मिनिटं मिळतात. ‘कुठला क्लब (काठी) घेतलास?’ हा सोबत्याला सहज विचारलेला प्रश्नही दोन स्ट्रोकचा दंड देतो, कारण स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण स्ट्रोक मोजण्याच्या प्रकारात) संघातला मित्र नियमाच्या भाषेत ‘पार्टनर’, म्हणजे ज्याच्याशी सल्लामसलत चालते असा भागीदार, नसतो. कोचलाही वाटेल तेव्हा सल्ला देता येत नाही. आयोजकांनी स्थानिक नियमाने मुभा दिली असेल तेवढाच.

राहिली निवड. पाचवी जागा कोणाची, यावर पालकांचे फोन येतात. त्यावर उतारा एकच: तीन-चार पात्रता फेऱ्या, त्याही वेगवेगळ्या कोर्सवर, आणि सरासरी भिंतीवर लावलेली. घरच्या कोर्सवर 82 खेळणारा परक्या ग्रीनवर 92 खेळतो, आणि राज्य स्पर्धा बहुतेकांसाठी परक्या कोर्सवरच असते.