जिल्हा सर्वेक्षण अहवाल आणि पुनर्भरण अभ्यास : वाळूच्या हिशेबातले दोन वेगळे कागद

वाळूघाटाच्या लिलावाची चर्चा गावात सुरू झाली की दोन कागदांची नावे हमखास कानावर येतात. एक म्हणजे जिल्हा सर्वेक्षण अहवाल, ज्याला महसूल आणि खनिकर्म शाखेत सर्रास ‘डीएसआर’ म्हटले जाते, आणि दुसरा म्हणजे पुनर्भरण अभ्यास. दोन्हींत नदी आहे, वाळू आहे, नकाशे आहेत आणि घनमीटरचे आकडे आहेत. त्यामुळे एक असला म्हणजे दुसरा झालाच, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात पहिला अहवाल उत्खनन कोठे करता येईल आणि कोठे अजिबात करू नये हे सांगतो, तर दुसरा अभ्यास एका पावसाळ्यात नदीने किती वाळू परत आणून टाकली हे मोजतो. पहिला दुसऱ्यावर उभा आहे, आणि दुसरा नसेल तर पहिल्यातील आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही.

जिल्हा सर्वेक्षण अहवाल कशासाठी आला हे आधी पाहू. खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ नुसार इमारतीचा दगड, खडी, साधी माती, साधी वाळू ही गौण खनिजे आहेत आणि कलम १५ प्रमाणे त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे आहे. महाराष्ट्रात त्यासाठी २०१३ चे गौण खनिज उत्खनन नियम आहेत. अनेक वर्षे पाच हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यांना पर्यावरणविषयक मंजुरी लागत नव्हती आणि मोठ्या क्षेत्राचे लहान तुकडे पाडून ही अट टाळता येत होती. हरियाणातील अशाच लिलावांवरून उभ्या राहिलेल्या दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी लहान पट्ट्यांनाही मंजुरी आवश्यक ठरवली. एकेका तुकड्याकडे पाहून नदीचे किंवा डोंगराचे काय होते ते कळत नाही, संपूर्ण जिल्ह्याचे चित्र समोर हवे, हा विचार त्यानंतर बळावला. १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत दुरुस्ती करून जिल्हा सर्वेक्षण अहवाल बंधनकारक केला आणि २५ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने त्याची कार्यपद्धती नव्याने घालून दिली.

या अहवालाचा आवाका मोठा आहे. जिल्ह्याची भूरचना, भूगर्भ, महिनावार पाऊस, जमिनीचा वापर, चालू खाणपट्ट्यांची यादी, मागील तीन वर्षांचे उत्पादन आणि स्वामित्वधन यांची माहिती त्यात एकत्र येते. नदीच्या बाबतीत कोणत्या भागात गाळ साचतो आणि कोणत्या भागात पात्र किंवा काठ खरवडला जातो, पूल, बंधारे, पाणीपुरवठ्याच्या विहिरी कोठे आहेत, हे पाहून उत्खननासाठी शिफारस केलेले पट्टे आणि निषिद्ध पट्टे वेगळे दाखवावे लागतात. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांसह जलसंपदा, वन, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि भूविज्ञान किंवा खनिकर्म विभागाचे अधिकारी यांच्या समितीने प्रत्येक जागेवर जाऊन पाहणी करणे अपेक्षित आहे. मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस ठेवून हरकती मागवल्या जातात, आणि अंतिम झालेला अहवाल दर पाच वर्षांनी अद्ययावत करावा लागतो. राज्य तज्ज्ञ मूल्यांकन समिती आणि राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण या अहवालाच्या आधारेच पुढील अर्ज तपासतात. येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बऱ्याच जिल्ह्यांचे मसुदे शेकडो पानांचे आणि इंग्रजीत असतात. ज्या गावाच्या शिवारातील नदी त्यात मोजली आहे, त्या गावाला तो २१ दिवसांत वाचून हरकत घेता येईल अशी अपेक्षा करायची असेल, तर निदान त्या तालुक्याचा भाग मराठीत मिळायलाच हवा.

जिल्हा सर्वेक्षण अहवाल केवळ वाळूचा नसतो, हाही दोहोंतील एक ठळक फरक आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील जांभ्याचे चिरे, पुणे-नाशिककडील खडीसाठी फोडला जाणारा काळा पाषाण, जागोजागचा मुरूम, विटांची माती, ही सर्व गौण खनिजे त्याच्या कक्षेत येतात. पुनर्भरण अभ्यास मात्र नदीतून निघणाऱ्या खनिजापुरताच असतो, कारण पुन्हा भरून येणारे खनिज तेवढेच आहे. टेकडी फोडली की ती कायमची गेली. नदीवरील ताण कमी करण्यासाठी कृत्रिम वाळूला प्रोत्साहन दिले जात आहे आणि ते आवश्यकही आहे. पण त्यासाठी लागणारा दगड ज्या टेकड्यांतून येतो, त्यांच्या बाबतीत वार्षिक भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही, म्हणून तेथे कोणत्या टेकड्या राखायच्या हा निर्णय जिल्हा सर्वेक्षण अहवालातच काटेकोरपणे व्हायला हवा.

आता पुनर्भरण अभ्यासाकडे वळू. नदी उतारावरून वाळू, गोटे आणि गाळ वाहून आणते. पुराचा वेग ओसरला की जड कण पात्रात बसतात आणि बारीक गाळ पुढे जातो. काढलेल्या वाळूची जागा किती भरली हे पाहण्याचा खात्रीचा मार्ग एकच, तो म्हणजे पात्राची पातळी मोजणे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये काढलेल्या वाळू उत्खननविषयक मार्गदर्शक तत्त्वांत यासाठी चार मोजण्या सुचवल्या आहेत. पहिली एप्रिलमध्ये, दुसरी पावसाळ्यासाठी उत्खनन थांबवताना, तिसरी पावसाळा संपल्यावर आणि चौथी मार्चअखेरीस. पहिल्या दोन मोजण्यांतील फरक पावसाळ्याआधी किती वाळू काढली ते सांगतो, दुसऱ्या आणि तिसऱ्या मोजणीतील फरक नदीने किती आणून टाकली ते सांगतो, आणि तिसऱ्या-चौथ्यातील फरकावरून उरलेल्या हंगामात किती उचलली गेली ते कळते. महाराष्ट्रात १० जून ते ३० सप्टेंबर या काळात वाळू उत्खननाला बंदी असते, त्यामुळे दुसरी मोजणी जूनच्या आरंभी आणि तिसरी पाणी ओसरल्यावर, साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते.

प्रत्यक्ष काम साधे दिसले तरी नेमकेपणा मागते. काठावर पुरात न हलणारा एक पक्का संदर्भबिंदू लागतो, पुलाचा कठडा किंवा घाटाची पायरी यांसारखा, ज्याची समुद्रसपाटीपासूनची उंची निश्चित केलेली असते. मग ठराविक अंतरावर नदीला आडव्या रेषा आखून प्रत्येक रेषेवर या काठापासून त्या काठापर्यंत ठिकठिकाणी पातळी घेतली जाते, आणि पावसाळ्यानंतर त्याच रेषांवर, त्याच बिंदूंवर, पुन्हा घेतली जाते. रेषा थोड्या जरी सरकल्या किंवा संदर्भबिंदू बदलला तरी वीस-तीस सेंटिमीटरची चूक सहज शिरते, आणि विस्तीर्ण पात्रावर एवढी चूक म्हणजे हजारो घनमीटरची खोटी वाळू होय. ड्रोनने हे काम लवकर होते. पण पाण्याखालचे पात्र ड्रोनच्या छायाचित्रात मोजता येत नाही, ते पाण्यात उतरून किंवा होडीतूनच मोजावे लागते.

गोंधळ खरा सुरू होतो तो येथे. जिल्हा सर्वेक्षण अहवालातही पुनर्भरणाचे एक प्रकरण असते आणि बऱ्याचदा ते सूत्रावर भागवलेले असते. डेंडी-बोल्टनचे सूत्र त्यांत विशेष प्रचलित आहे. पाणलोट क्षेत्र आणि वार्षिक अपधाव, म्हणजे पावसाचे जमिनीवरून वाहून जाणारे पाणी, घातले की वर्षाला किती गाळ येईल याचा आकडा मिळतो. हे सूत्र अमेरिकेतील जलाशयांत साठलेल्या गाळाच्या नोंदींवरून बसवलेले आहे आणि त्याचे उत्तर एकूण गाळाचे असते. दख्खनच्या काळ्या मातीच्या प्रदेशातून येणाऱ्या पुरात चिकण आणि पोयटा या बारीक मातीचा वाटा मोठा असतो. तो वाळू म्हणून मोजला तर कागदावर भरपूर पुनर्भरण दिसते आणि पात्रात मात्र खडक उघडा पडतो. वरच्या अंगाला धरण असेल तर सूत्राने काढलेला आकडा अधिकच फसवा ठरतो. चांगल्या वाळूसाठी प्रसिद्ध असलेल्या वैनगंगेवर भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरण आहे. धरणाच्या वर पाणी संथ होते आणि वाळू तेथेच बसते. धरणाखालच्या पट्ट्याला मुख्य नदीकडून येणारा पुरवठा घटतो आणि तो भाग पुष्कळसा उपनद्यांवर अवलंबून राहतो. एकाच नदीच्या, एकाच जिल्ह्यातील या दोन भागांना एकच सरासरी लावणे चुकीचे आहे.

सूत्रे टाकाऊ आहेत असे मला म्हणायचे नाही. जिल्ह्यातील सर्व नद्यांचा पहिला अंदाज बांधायला ती उपयोगी पडतात. मात्र अंदाजाला मोजणीची जागा देता येत नाही, आणि आपल्याकडे ती फार सहजपणे दिली जाते.

आकड्यांत पाहिले तर हा फरक किती महागात पडतो ते लक्षात येईल. समजा, एका वाळूगटाची, म्हणजे लिलावासाठी आखलेल्या पात्राच्या तुकड्याची, लांबी ५०० मीटर, रुंदी ६० मीटर आणि वाळूची जाडी २ मीटर आहे. म्हणजे पात्रात आज ६०,००० घनमीटर, सुमारे २१,२०० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू आहे. जिल्हा सर्वेक्षण अहवालाच्या विहित तक्त्यात एकूण साठ्याच्या ६० टक्के इतका साठा उत्खननयोग्य म्हणून दाखवण्याची रीत आहे. त्या हिशेबाने ३६,००० घनमीटर होतात. आता समजा, पावसाळ्यानंतरच्या मोजणीत पात्र सरासरी ४० सेंटिमीटरने वर आलेले आढळले. म्हणजे नदीने १२,००० घनमीटर वाळू परत दिली. कणगीत आज किती जोंधळा आहे आणि शेत दर वर्षी किती जोंधळा देते, हे दोन प्रश्न जितके वेगळे आहेत, तितकेच हे दोन आकडे वेगळे आहेत. पहिला आकडा दर वर्षीचा समजून ३६,००० घनमीटरचा लिलाव केला, तर पहिल्या वर्षानंतर पात्रात ३६,००० उरतात, दुसऱ्या वर्षानंतर १२,०००, आणि तिसऱ्या वर्षी लिलावात विकलेली वाळू नदीत नसतेच. ती मग शेजारच्या निषिद्ध पट्ट्यातून, काठातून किंवा ठरलेल्या खोलीच्या खालून काढली जाते. विहिरींची पातळी खाली जाणे आणि पुलाच्या खांबांचा पाया उघडा पडणे ही लक्षणे याच टप्प्यावर दिसू लागतात. उत्खननासाठी घालून दिलेली तीन मीटरची कमाल खोली पाळली तरी हे टळत नाही, कारण खोलीची मर्यादा वाळू परत येईल याची हमी देत नाही.

काळाचा हिशेबही दोहोंत वेगळा आहे. जिल्हा सर्वेक्षण अहवाल पाच वर्षांचा, तर पुनर्भरण त्या त्या पावसाळ्याचे. २०१८ मध्ये महाराष्ट्रात १५१ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. अशा वर्षी अनेक नद्यांना वाळू वाहून आणण्याजोगा पूर येतच नाही. पाच वर्षांपूर्वीच्या अहवालातील आकडा त्या वर्षीही तसाच लागू केला, तर नदीकडे नसलेली वाळू आपण तिच्याकडून वसूल करतो.

न्यायालयांनी या दोन्ही कागदांचे स्थान आता पुरेसे स्पष्ट केले आहे. बिहारच्या प्रकरणात १० नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जागेवर जाऊन आणि आधुनिक तंत्राचा वापर करून जिल्हा सर्वेक्षण अहवाल नव्याने तयार करण्याचे आदेश दिले. उत्तर प्रदेशाच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये अंतिम आणि मुदतीत असलेला अहवालच मंजुरीचा आधार होऊ शकतो, मसुदा चालणार नाही, असे ठरले. त्यानंतर २२ ऑगस्ट २०२५ रोजी जम्मू-काश्मीरमधील शालिगंगा नाल्याच्या प्रकरणात रस्त्याच्या कामासाठी दिलेली मंजुरी टिकली नाही, कारण तेथील जिल्हा सर्वेक्षण अहवालात पुनर्भरणाची माहितीच नव्हती. पुनर्भरण अभ्यासाशिवायचा अहवाल ग्राह्य धरता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. राष्ट्रीय महामार्गाचे काम असले तरी सूट नाही, ही त्यातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब आहे.

तेव्हा आपल्या गावच्या घाटाचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे आला, तर दोन्ही कागद वेगवेगळे मागावेत. जिल्हा सर्वेक्षण अहवालात आपला वाळूगट गट क्रमांक आणि अक्षांश-रेखांशासह आहे का, तो शिफारस केलेल्या पट्ट्यात येतो की निषिद्ध पट्ट्यात, गावची पाणीपुरवठ्याची विहीर, बंधारा आणि पूल नकाशावर दाखवले आहेत का, आणि अहवाल अंतिम झाल्याची तारीख काय, हे पाहावे. पुनर्भरण अभ्यासात पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या मोजणीच्या तारखा, संदर्भबिंदूची जागा आणि आडव्या रेषांचे आलेख मागावेत. तारखा नसतील आणि केवळ सूत्र असेल, तर मोजणी झालेली नाही असे समजून तशी लेखी हरकत नोंदवावी. लिलावात दाखवलेले ब्रास आणि त्या पावसाळ्यात भरून आलेले ब्रास हे दोन आकडे एकाच ओळीत लिहून मागितले, तर तलाठ्यापासून जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यापर्यंत सर्वांना उत्तर देणे सोपे जाते आणि ग्रामसभेला निर्णय घेणेही.