भाडेकरूबद्दलचं पहिलं मत

दांडिया बाजारात आमचा दहा-बारा जणांचा वाचनगट दर पंधरा दिवसांनी जमतो. यंदा एक जुनी मराठी कादंबरी घेतली. दोन-तीन प्रती मध्यवर्ती ग्रंथालयातून आणल्या. सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बोर्डन यांना बोलावून बडोद्यात ग्रंथालयांचं काम सुरू केलं, त्याची फळं आम्ही अजून चाखतो आहोत. कादंबरीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे तिचं रहस्य फोडणार आहे.

काळ 1930 च्या आसपासचा. एक तरुण एका विधवा बाईंच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतो. कुठला, कुणाचा कोण, काही सांगत नाही. बाईंच्या कपातून चहा घेत नाही, स्वतःचं भांडं पुढे करतो. पंगतीला बसत नाही. जिना चढून आलेल्या त्यांच्या पाच वर्षांच्या मुलावर असा खेकसतो की पोर रडत खाली पळतं. रात्री परसात काहीतरी जाळत बसतो.

पहिली चाळीस पानं वाचून प्रत्येकानं त्याच्याबद्दल एका ओळीत मत लिहून आणायचं होतं. चिठ्ठ्या उघडल्या. ‘माणूसघाणा.’ ‘सोवळ्याचा माज.’ ‘खून करून पळालेला.’ ‘क्रांतिकारक असेल, पण उर्मट.’ गटातले एक काका ठामपणे म्हणाले, “मला माणूस पहिल्या भेटीतच कळतो. हा चांगला नाही.”

काकांचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आपण सगळेच ते म्हणतो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात म्हणतो, नोकरीच्या मुलाखतीत म्हणतो. खरंच कळतो का?

प्रिन्स्टन विद्यापीठात विलिस आणि टोडोरोव्ह यांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी चेहरे फक्त 100 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, दाखवले आणि विचारलं, हा माणूस विश्वासू वाटतो का? वेळेचं बंधन नसताना लोकांनी दिलेल्या उत्तरांशी ही उत्तरं बरीच जुळली. या प्रयोगाचा दाखला देऊन व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग चालवणारे सांगतात की क्षणार्धात माणूस ओळखता येतो. प्रयोगातून तसं मुळीच निघत नाही. घाईतलं मत आणि सावकाश बनवलेलं मत एकमेकांशी जुळलं, एवढंच त्यात दिसलं. माणूस खरोखर विश्वासू होता का, हे त्यात तपासलेलंच नव्हतं. दहा जणांना एकच गोष्ट वाटली म्हणून ती खरी ठरत नाही. जुळलेल्या भुवयांवरून किंवा घाऱ्या डोळ्यांवरून स्वभाव सांगणारं सामुद्रिक इथेच फसतं, आणि आता फोटोवरून स्वभाव सांगणारी ॲप निघाली आहेत तीही इथेच फसतात. त्यांच्या भरवशावर कुणाचं लग्न किंवा नोकरी ठरू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

पण कादंबरीत चेहरा नसतो, शब्द असतात, आणि ते एकामागून एक येतात. त्यामुळे इथे क्रमाला महत्त्व येतं. मानसशास्त्रज्ञ अब्राहम लुचिन्स यांनी 1957 साली जिम नावाच्या मुलाबद्दल दोन परिच्छेद लिहिले. एकात तो मित्रांबरोबर गप्पा मारत, उन्हातून चाललेला. दुसऱ्यात एकटा, सावलीच्या बाजूनं, ओळखीच्यांशी न बोलणारा. दोन्ही परिच्छेद सगळ्यांनीच वाचले, क्रम तेवढा बदलला. मनमोकळा जिम आधी भेटला, त्यांच्यापैकी 78 टक्क्यांना तो मैत्रीशील वाटला. घुमा जिम आधी भेटला, त्यांच्यापैकी फक्त 18 टक्क्यांना. मजकूर अक्षरशः तोच!

असं का व्हावं? नॉर्मन अँडरसन यांनी याचं गणित मांडलं. प्रत्येक माहितीला मनात गुण मिळतात आणि वजनही मिळतं. गुण गुणिले वजन, त्यांची बेरीज, भागिले वजनांची बेरीज, म्हणजे आपलं मत. लक्ष सुरुवातीला ताजं असतं, पुढे ओसरतं, म्हणून उशिरा आलेल्या माहितीचं वजन कमी पडतं. आमच्या भाडेकरूवर हे करून पाहू. आकडे माझे, समजण्यापुरते. मुलावर खेकसला: उणे 8, वजन 5. भांडं वेगळं ठेवलं: उणे 6, वजन 3. पुढे शंभराव्या पानावर तो बाईंचं कर्ज गुपचूप फेडतो: अधिक 9, पण वजन 1. उणे 40, उणे 18, अधिक 9 मिळून उणे 49. भागिले 9, म्हणजे सुमारे उणे 5.4. कर्ज फेडूनही माणूस वाईटच! आमच्या गटातही असंच झालं. त्या पानानंतर काका म्हणाले, “पाप धुतोय.”

माझ्या सगळ्यात आवडीचा प्रयोग यापुढचा आहे. कॉर्नेल विद्यापीठात मान आणि फर्ग्युसन यांनी 2015 साली फ्रान्सिस वेस्ट नावाचा काल्पनिक माणूस रचला. तो शेजाऱ्यांच्या घरांत घुसतो, मोडतोड करतो, मौल्यवान गोष्टी उचलून बाहेर पडतो. वाचणाऱ्यांचं मत अर्थातच वाईट झालं. हे मत तोंडी विचारण्यावर ते थांबले नाहीत. त्याचा फोटो क्षणभर दाखवायचा, लगेच एक चिनी अक्षर दाखवायचं आणि अक्षर छान वाटतं की नाही तेवढंच विचारायचं. चिनी येत नसलेल्या माणसाचं उत्तर फोटोमुळे मनात उठलेल्या भावनेकडे झुकतं. म्हणजे सभ्यपणानं लपवलेलं मतही हाती लागतं.

मग काहींना सांगितलं की याच माणसानं रुळांवरच्या बाळाला वाचवलं. आतलं मत तेवढ्यानं पालटलं नाही. दुसऱ्यांना सांगितलं की त्या घरांना आग लागली होती आणि ‘मौल्यवान गोष्टी’ म्हणजे आतली मुलं होती. इथे मात्र आतलं मतही उलटलं.

पुण्य दोन्हीकडे सारखंच होतं. फरक असा की बाळाची गोष्ट जुन्या माहितीशेजारी जाऊन बसते, तर आगीची गोष्ट जुन्या माहितीचा अर्थच बदलते. भाडेकरूच्या गणितात सांगायचं तर नवी रक्कम जमा झाली नाही, जुन्या रकमांची चिन्हं बदलली. उणे 40 चे अधिक 40, उणे 18 चे अधिक 18. आता बेरीज 67, भागिले 9, सुमारे अधिक 7.4. आणि पहिल्या माहितीचं वजन जास्त होतं, म्हणूनच झोका एवढा मोठा बसला.

आमच्या भाडेकरूला क्षय झालेला असतो. कॉख यांनी 1882 सालीच क्षयाचा जंतू दाखवून दिला होता, पण तो मारणारं स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये सापडलं. कादंबरीच्या काळात औषधच नव्हतं. भांडं वेगळं होतं ते यासाठी. परसात जळत होते ते थुंकीचे रुमाल. आणि हवेतून पसरणारा रोग असलेला माणूस लहान पोराला आणखी कसा लांब ठेवणार?

मग त्यानं सांगून का टाकलं नाही? खोली गेली असती, हे उघड आहे. पण न सांगण्याचीही किंमत असते. लेस्ली जॉन आणि सहकाऱ्यांनी 2016 साली दाखवलं की आपले दोष कबूल करणाऱ्यापेक्षा उत्तर द्यायचं टाळणाऱ्यावर लोक जास्त अविश्वास दाखवतात. आमच्या चिठ्ठ्यांमधला ‘खून करून पळालेला’ इथूनच आला असावा. रिकामी जागा आम्ही वाईटानं भरली.

क्षयाचं पान वाचून झाल्यावर कुणी सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांनी पुस्तकं मागे उलटून जिन्याचा प्रसंग काढला. काकांनी तो मोठ्यानं वाचला आणि ‘पोर रडत खाली पळालं’पाशी थांबले. त्यांना पुढे वाचवेना. एका वहिनींनी त्यांच्या हातून पुस्तक घेऊन परिच्छेद संपवला.

लुचिन्स यांच्या कामात आणखी एक गोष्ट आहे. दोन परिच्छेदांच्या मध्ये लोकांना गणितं सोडवायला बसवलं तर पहिल्या मताची पकड सुटते, उलट नंतरचा परिच्छेद वरचढ होतो. आम्ही पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं वाचतो. पुढच्या कादंबरीला निम्म्यांनी पहिली दोन प्रकरणं सलग वाचायची, निम्म्यांनी मध्ये पंधरवडा जाऊ द्यायचा, असं ठरलं आहे. चिठ्ठ्या दोन्ही वेळा घ्यायच्या. ही कल्पना काकांची, आणि चिठ्ठ्यांचा डबाही तेच आणणार आहेत.