‘अ‍ॅम’, ‘वॉज’ आणि ‘बी’: एका क्रियापदातील तीन धातू

इंग्रजीतील बहुतेक क्रियापदांची चार किंवा पाच रूपे असतात. ‘असणे’ या अर्थाच्या ‘बी’ क्रियापदाची मात्र बी, अ‍ॅम, इज, आर, वॉज, वेअर, बीइंग आणि बीन अशी आठ रूपे आहेत, आणि ‘अ‍ॅम’, ‘वॉज’ व ‘बी’ शेजारी ठेवले तर त्यांच्यात एकही ध्वनी समान सापडत नाही. शाळेत ही रूपे पाठ करताना ती कोणीतरी मनमानीने ठरवली असावीत असे वाटते. प्रत्यक्षात ती तीन निरनिराळ्या प्राचीन धातूंची रूपे आहेत, आणि इंग्रजी व संस्कृत या एकाच प्राचीन मूळ भाषेतून निघालेल्या असल्यामुळे ते तिन्ही धातू संस्कृतात आजही ओळखू येतात.

‘अ‍ॅम’ आणि ‘इज’ ही रूपे ज्या धातूपासून आली, तो संस्कृतातील ‘अस्’ होय. ‘अस्मि’, ‘अस्ति’, ‘सन्ति’ यांच्याशेजारी लॅटिनमधील ‘एस्त’, जर्मनमधील ‘इस्त’ आणि ‘झिंड’ ठेवले की नाते उघड होते. जर्मन विद्वान फ्रान्झ बॉप यांनी 1816 साली संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक (इंग्रजी, जर्मन ज्या कुळातल्या त्या) भाषांतील क्रियारूपांची अशीच पद्धतशीर तुलना प्रसिद्ध केली, आणि तुलनात्मक भाषाशास्त्राचा पाया घातला गेला.

‘बी’, ‘बीइंग’ आणि ‘बीन’ यांचे मूळ ‘भू’ धातूच्या कुळात आहे. याचा मूळ अर्थ ‘होणे, वाढणे, उत्पन्न होणे’ असा. लॅटिनमध्ये याच धातूपासून ‘पुढे होणारे’ या अर्थाचा शब्द घडला आणि त्यातून इंग्रजी ‘फ्यूचर’ आला. म्हणजे ‘फ्यूचर’ आणि आपला ‘भविष्य’ हे केवळ समानार्थी शब्द नाहीत, तर ते एकाच धातूचे आहेत. ग्रीकमध्ये याच धातूपासून निसर्गाला ‘फुसिस’ म्हटले गेले, आणि त्यावरून ‘फिजिक्स’ हे नाव पडले.

सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या दोन धातूंची वर्तमानकाळी रूपे स्वतंत्रपणे वापरात होती आणि त्यांच्या अर्थांतही फरक केला जाई. ‘इज’ हे आत्ताच्या स्थितीसाठी, तर ‘बिथ’ हे नेहमीच्या सत्यासाठी किंवा भविष्यासाठी, असा सर्वसाधारण प्रघात होता. त्या काळातील एका सुभाषितवजा काव्यात हिवाळा सर्वांत थंड असतो, हे सांगताना ‘बिथ’ योजले आहे. मराठी वाचकाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही, कारण ‘पाणी थंड आहे’ आणि ‘पाणी थंड असते’ ही दोन वाक्ये आपण कधीही एकमेकांच्या जागी वापरत नाही. आजच्या इंग्रजीत मात्र दोन्ही ठिकाणी ‘इज’च येते, आणि मला हे त्या भाषेचे खरोखरच मोठे नुकसान वाटते.

‘वॉज’ आणि ‘वेअर’ यांचा धातू तिसरा, म्हणजे संस्कृतातील ‘वस्’: राहणे, मुक्काम करणे, विशेषतः रात्र काढणे. निवास, रहिवासी, वस्ती हे शब्द त्याचेच आहेत. रात्री गावात थांबणाऱ्या एसटीला आपण ‘वस्तीची गाडी’ म्हणतो, तेव्हा धातूचा तो जुना अर्थ जसाच्या तसा आपल्या तोंडी येतो. एकवचनी ‘वॉज’मधला मूळचा ‘स’ अनेकवचनी ‘वेअर’मध्ये ‘र’ का झाला, याचे उत्तर डॅनिश अभ्यासक कार्ल व्हर्नर यांना 1875 साली सापडले. जर्मानिक भाषांच्या पूर्वरूपात आघात, म्हणजे उच्चारातील जोर, धातूवर असला तर ‘स’ टिकला; तो पुढील प्रत्ययावर असला तर ‘स’चा ‘झ’ आणि कालांतराने ‘र’ झाला. तो प्राचीन आघात युरोपात बव्हंशी पुसला गेला होता, परंतु वैदिक पठणपरंपरेने उदात्त-अनुदात्त स्वर, म्हणजे आघाताच्या जागा, जपले असल्यामुळे व्हर्नर यांना त्यांच्याच आधारे हा नियम सिद्ध करता आला.

वेगवेगळ्या धातूंची रूपे एकाच क्रियापदात नांदण्याची ही घटना पाणिनीनेही नोंदवली आहे. ‘अस्तेर्भूः’ या सूत्रानुसार ठरावीक प्रत्ययांपूर्वी ‘अस्’च्या जागी ‘भू’ येतो, म्हणून ‘अस्ति’चा भविष्यकाळ ‘भविष्यति’ होतो. मराठीतही आपण ‘आहे’, ‘होता’, ‘असेल’ असे म्हणतो. यांतील ‘होता’ निःसंशय ‘भू’चा आहे. ‘आहे’ आणि ‘असेल’ यांचा संबंध परंपरेने ‘अस्’शी जोडला जातो, त्यांच्या नेमक्या व्युत्पत्तीविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी ती ‘भू’ची रूपे नाहीत, हे निश्चित.

अशी विजोड रूपे नियमित का होत नाहीत, याचे कारण त्यांच्या वापराच्या प्रमाणात आहे. क्वचित लागणारे रूप आठवले नाही की बोलणारा नियमाने नवे रूप घडवतो. दिवसातून शेकडो वेळा कानावर पडणारे रूप विसरायला सवडच मिळत नाही. 2007 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या इंग्रजीतील 177 अनियमित क्रियापदांचा मागोवा घेतला होता. त्यांपैकी 98 आज अनियमित उरली आहेत, आणि शंभरपट कमी वापरले जाणारे क्रियापद दहापट वेगाने नियमित होते, असे त्यात आढळले. ‘हेल्प’चे ‘होल्प’ हे भूतकाळी रूप असेच मागे पडून ‘हेल्प्ड’ रूढ झाले. ‘बी’सारख्या सर्वाधिक वापराच्या क्रियापदांचा अर्धायुष्यकाल, म्हणजे त्यांतील निम्मी नियमित होण्यास लागणारा काळ, मात्र याच गणिताने सुमारे 38,800 वर्षे येतो.