बाटल्या तीन, पेले चार

2007 मध्ये कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या वाइन स्पर्धेत ‘चार्ल्स शॉ’ या ब्रँडच्या 2005 सालच्या शार्डोने या पांढऱ्या वाइनला ‘डबल गोल्ड’ पदक मिळाले. ‘ट्रेडर जोज्’ या किराणा दुकानांच्या साखळीत ती बाटली तेव्हा कॅलिफोर्नियात 1.99 डॉलरला मिळत असे. महाग वाइन घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे, असे सांगणारे लोक आजही या पदकाचा दाखला देतात. ‘महाग तेच चांगले’ ही समजूत जितकी कच्ची आहे, तितकाच हा निष्कर्षही कच्चा आहे, कारण पदक देणारे परीक्षक स्वतः किती सातत्याने गुण देतात, हे त्यातून कळत नाही.

तेही तपासले गेले, आणि त्याच स्पर्धेत. रॉबर्ट हॉजसन या निवृत्त प्राध्यापकांनी, जे स्वतः एका छोट्या वायनरीचे मालकही होते, परीक्षकांना न सांगता एकाच बाटलीतली वाइन इतर पेल्यांच्या अधेमधे तीनदा चाखायला दिली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार तिन्ही वेळा एकाच पदकाच्या टप्प्यात गुण देणे साधारण 10 टक्के परीक्षकांनाच जमले. बाकीच्यांच्या बाबतीत तीच वाइन कधी वर गेली, कधी खाली.

घरी मित्रमंडळी जमवून गमतीची स्पर्धा करायची असेल, तर दुकानाच्या फळीसमोर उभे राहतानाच हे ध्यानात ठेवावे. पाच-दहा डॉलरच्या बाटल्या घ्याव्यात, पण त्या एकाच द्राक्षाच्या आणि शक्यतो एकाच वर्षाच्या असाव्यात. काबर्ने सोव्हिन्यॉन या अधिक तुरट द्राक्षाच्या वाइनशेजारी पिनो न्वार या कमी तुरट द्राक्षाची वाइन ठेवली, तर स्पर्धा वाइनच्या दर्जाची राहत नाही, तुरटपणाची होते. शिवाय या दोन वाइनच्या बाटल्यांचे खांदेही वेगळे असतात, त्यामुळे बाटलीवर कागद गुंडाळला तरी जाणकार ती ओळखतो. म्हणून पेले दुसऱ्या खोलीत, चाखणाऱ्यांपैकी नसलेल्या व्यक्तीने भरावेत.

तुरटपणाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या परंपरेत तुरट हा सहा रसांपैकी एक मानला आहे. आधुनिक शरीरविज्ञान मात्र गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या मूळ चवींत त्याची गणना करत नाही. जांभूळ, कच्ची सुपारी किंवा हिरडा चघळल्यावर तोंड जे आवळल्यासारखे होते, ती प्रामुख्याने स्पर्शाची संवेदना असते. आपल्या लाळेत प्रोलीन या अमिनो आम्लाने समृद्ध अशी प्रथिने मोठ्या प्रमाणात असतात. प्रोलीनच्या वलयाकार रचनेमुळे ही प्रथिने इतर अनेक प्रथिनांसारखी घट्ट गुंडाळली जात नाहीत, सैल दोऱ्यासारखी पसरलेली राहतात. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून रेड वाइनमध्ये आलेल्या टॅनिनच्या रेणूंतही वलये असतात. ही वलये प्रोलीनच्या वलयांना चिकटतात, हायड्रोजन बंध ती पकड पक्की करतात, आणि एकच टॅनिन रेणू अनेक दोरे एकत्र ओढून त्यांचा साका तयार करतो. लाळेतले वंगण असे निघून गेले की जीभ आणि टाळू यांच्यातले घर्षण वाढते. तेच आपल्याला तुरट म्हणून जाणवते. हिरड्याने किंवा बाभळीच्या सालीने कातडे कमावताना टॅनिन प्रथिनांनाच बांधत असते. चहात दूध घातल्यावर त्याचा तुरटपणा कमी होतो, कारण दुधातली प्रथिने टॅनिनला लाळेआधीच गाठतात.

आता स्पर्धेत काय होते ते पाहा. पहिल्या घोटाने वंगण कमी झाले, आणि ते पुरते भरून येण्याआधी दुसरा घोट घेतला, तर तुरटपणा साठत जातो. तिसऱ्या-चौथ्या पेल्यातली वाइन निर्दोष असूनही रखरखीत लागते, आणि जिच्यात थोडी साखर शिल्लक आहे अशी वाइन त्याच वेळी आली, तर ती सहज बाजी मारते, कारण गोडीमुळे तुरटपणा कमी जाणवतो. दोन पेल्यांमध्ये काही मिनिटे जाऊ द्यावीत आणि अळणी बिस्किट खावे. नुसत्या पाण्याने फारसे भागत नाही. चीज टाळावे, कारण त्यातली प्रथिने आणि स्निग्धांश वाइनमधले फरकच झाकून टाकतात.

टॅनिनच्याच विस्तृत कुळातल्या रेस्व्हेराट्रॉलचे नाव घेऊन ‘रेड वाइन हृदयाला चांगली’ असा प्रचार वर्षानुवर्षे चालला आहे. लीटरभर वाइनमध्ये हे द्रव्य जेमतेम काही मिलिग्रॅम असते, आणि मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा एका पेल्यात 30 मिलिलीटरपेक्षा अधिक ओतू नये, आणि चाखून थुंकण्याची सोय ठेवावी.

इतके करूनही क्रमाचा परिणाम पूर्णपणे जात नाही, पण तो सर्व वाइनमध्ये सारखा वाटता येतो. ही युक्ती ई. जे. विल्यम्स या संख्याशास्त्रज्ञांनी 1949 मध्ये मांडली. चार पेल्यांना क, ख, ग, घ म्हणावे. पहिल्या व्यक्तीने क-ख-घ-ग, दुसरीने ख-ग-क-घ, तिसरीने ग-घ-ख-क आणि चौथीने घ-क-ग-ख या क्रमाने चाखावे. प्रत्येक पेला प्रत्येक स्थानी एकदाच येतो. शिवाय कोणत्याही दोन पेल्यांची जोडी घेतली, तर पहिल्याच्या लगेच नंतर दुसरा एकदा येतो आणि दुसऱ्याच्या लगेच नंतर पहिलाही एकदाच. चार ओळींत बारा जोड्या बसतात, एकही सुटत नाही. माणसे बारा असतील, तर हाच तक्ता तीनदा वापरावा.

पेले चार असले, तरी बाटल्या तीनच विकत आणाव्यात. हॉजसन यांच्याप्रमाणे, कोणालाही न सांगता, एक वाइन दोन पेल्यांत ओतावी. बारा जणांसाठी त्याला 720 मिलिलीटर लागतात आणि बाटली 750 ची असते. सर्वांचे क्रमांक लिहून झाले, की आधी त्या दोन पेल्यांचे क्रमांक पाहावेत. एकाच वाइनला ज्याने पहिला आणि चौथा क्रमांक दिला असेल, त्याचा कागद मोजणीतून बाजूला ठेवावा आणि उरलेल्या कागदांवरून विजेती ठरवावी.