जमिनीखालची जोखीम कोणाची?

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदा सूचनेत एक वाक्य वर्षानुवर्षे छापले जाते. त्याचा आशय असा: निविदा भरणाऱ्याने जागा पाहिली असो वा नसो, त्याला जागेची पूर्ण माहिती आहे असे धरले जाईल आणि गैरसमजापोटी म्हणून जादा पैसे मिळणार नाहीत. जागा न पाहताही तिची पूर्ण माहिती असलेला माणूस फक्त निविदेच्या कागदावरच भेटतो. पण हे वाक्य कोणी सहज लिहिलेले नाही. त्यामागे जुनी न्यायालयीन परंपरा आहे. जमिनीत भलतेच काही निघाले तर किंमत बदलून देणारे कलम पुढे याच परंपरेशी भांडत तयार झाले.

इंग्लंडमध्ये १८३० च्या दशकात लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेसाठी किल्सबीचा बोगदा खणताना चाचणीचे बोअर (जमिनीखाली काय आहे ते पाहायला पाडलेली खोल भोके) नेमके पाण्याने भरलेल्या वाळूच्या थराला चुकवून गेले होते. ९९,००० पौंडांना काम घेतलेल्या कंत्राटदाराने हाय खाल्ली. कंपनीने त्याला करारातून मोकळे केले, तरी तो त्यातून उठला नाही. मग रॉबर्ट स्टीफन्सनने कंपनीच्या खर्चाने महिनोन्महिने पाणी उपसले आणि बोगदा सुमारे ३ लाख पौंडांना पडला. कंपनीने हा भार उचलला तो स्वतःच्या गरजेपोटी, करारात तसे लिहिले होते म्हणून नव्हे.

कायदा काय म्हणतो हे १८७६ मध्ये स्पष्ट झाले. लंडनचा नवा ब्लॅकफ्रायर्स पूल बांधताना नगर प्रशासनाच्या अभियंत्याने पायासाठी लोखंडी कैसन (नदीत उतरवायच्या, आत काम करता येईल अशा पेट्या) दाखवले होते, म्हणजे भरती-ओहोटीची पर्वा न करता काम चालेल. कैसनना पाण्याचा दाब सोसला नाही. थॉर्न या कंत्राटदाराला ओहोटीची वाट पाहत काम उरकावे लागले आणि त्याने जादा खर्च मागितला. हाउस ऑफ लॉर्ड्सने तो नाकारला. नकाशा दिला म्हणजे तो प्रत्यक्षात उतरेल अशी हमी दिली असे होत नाही, कंत्राटदाराने आधीच खात्री करून घ्यायची होती, असा निकाल लागला. निविदा भरायला मिळणाऱ्या थोड्या दिवसांत ती खात्री करायची कशी, हा प्रश्न कंत्राटदाराच्याच पदरी राहिला.

अमेरिकेतही मूळ नियम हाच होता. त्याला तडा गेला तो पाठोपाठ आलेल्या तीन खटल्यांमुळे. केंटकीतल्या ग्रीन नदीवरच्या एका बंधाऱ्याच्या दुरुस्तीत, बंधाऱ्यामागे फुटका दगड, लाकडाचा भुसा आणि गाळ आहे असे विनिर्देशात, म्हणजे कामाचे तपशील सांगणाऱ्या कागदात, छापले होते. प्रत्यक्षात खाली चांगल्या धडधाकट ओंडक्यांचा, दगडांनी भरलेला सांगाडा निघाला. जागा स्वतः पाहा, हे कलम करारात होतेच. तरीही १९१४ च्या हॉलरबाख निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की सरकारने ठाम विधान केले असेल तर त्यावर विसंबण्याचा कंत्राटदाराला हक्क आहे.

दुसऱ्या वर्षीचा ख्रिस्टी खटला मला तिन्हींत सर्वांत बोलका वाटतो. अलाबामातल्या वॉरियर नदीवर जलपाश (बोटी वरखाली नेण्यासाठी दरवाज्यांनी बंद होणारे कालवे) आणि बंधारे बांधायचे होते. निविदेसोबतच्या नकाशांत बोअरच्या नोंदी होत्या: वाळू, रेती, चिकणमाती. खणताना गाडलेले ओंडके आणि झाडांचे बुंधे निघाले. बोअर घेताना ड्रिल ओंडक्यांवर अडले होते, ते बाजूला सरकवून पुन्हा बोअर घेतले गेले, आणि अडल्याची नोंद नकाशावर आलीच नाही. कोणाचा वाईट हेतू असल्याचे न्यायालयाने म्हटले नाही. पण चुकीचे चित्र सरकारच्या कागदाने उभे केले होते, म्हणून नुकसान सरकारच्या माथी आले.

तिसरा, १९१८ चा स्पिअरिन खटला ब्रुकलिनच्या नौदल गोदीतल्या सुक्या गोदीचा, म्हणजे पाणी काढून जहाज दुरुस्त करायच्या जागेचा. सरकारने आखून दिल्याप्रमाणे वळवलेले गटार मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आल्यावर फुटले. जोडलेल्या दुसऱ्या गटारात एक बांध होता आणि तो नकाशात नव्हता. तपशीलवार आराखडा देणाऱ्याने तो पुरेसा असल्याची गर्भित हमी दिलेली असते, असे न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी ठरवले. मात्र ठरल्या रकमेत शक्य असलेले काम पत्करणाऱ्याला अनपेक्षित अडचणी आल्या म्हणून जादा पैसे मिळत नाहीत, हा जुना नियमही त्यांनी त्याच निकालात पुन्हा मांडला. म्हणजे सरकारने चुकीचे सांगितले तर भरपाई, काहीच सांगितले नाही तर नशीब. अशाने प्रत्येक खात्याला कमीत कमी सांगणे सोयीचे ठरते.

ही कोंडी १९२६ मध्ये अमेरिकी संघराज्याच्या प्रमाणित बांधकाम कराराने फोडली. त्यात ‘बदललेली परिस्थिती’ हे कलम आले. त्यामागे कंत्राटदाराची दया नव्हती, हिशेब होता. जोखीम कंत्राटदारावर असली की प्रत्येक जण दरात धास्तीची रक्कम मिसळतो आणि खडक निघो न निघो, सरकार ती भरते. जोखीम सरकारने घेतली तर निविदा खाली येतात आणि खडक निघेल तिथेच पैसे जातात. आजच्या रूपात या कलमाचे दोन भाग आहेत. जमीन करारात दाखवल्यापेक्षा लक्षणीय वेगळी निघाली, तो पहिला. करारात काहीच दाखवले नव्हते, पण अशा कामात सहसा न आढळणारे काही विलक्षण निघाले, तो दुसरा, आणि सिद्ध करायला हाच कठीण. दोन्हींत परिस्थिती जशी निघाली तशी ठेवून ताबडतोब लेखी सूचना द्यावी लागते. खोदून, भरून, वर काँक्रीट टाकून मग पत्र लिहिणाऱ्याचे दावे इथेच गळतात.

कलम आले तरी ते किती दूर पोचते यावर वाद झालाच. १९४२ च्या राइस निकालाने जमीन खराब निघाल्याने काम रखडले तर फक्त मुदतवाढ मिळेल, रखडल्याचा खर्च नाही, असे सांगितले. ही कात्री १९६० च्या दशकाअखेर कलमाची भाषा बदलून काढली गेली. १९८७ च्या कायद्याने संघीय निधीतल्या महामार्गांसाठीही असे कलम सक्तीचे केले.

ब्रिटनमध्ये ते स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेच्या १९४५ च्या करारातल्या १२ व्या कलमातून आले आणि तिथून फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९५७ च्या ‘लाल पुस्तक’ या नमुना करारात. या कलमांची कसोटी वेगळी: अनुभवी कंत्राटदाराला हे आधी ओळखता आले असते का? ती किती कडक लागू शकते हे जिब्राल्टरच्या विमानतळ-बोगद्याच्या खटल्यात दिसले. निविदेसोबतच्या अहवालात सुमारे १०,००० घनमीटर दूषित मातीचा अंदाज होता, निघाली त्याहून खूप जास्त. २०१४ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने म्हटले की अनुभवी कंत्राटदाराने तो आकडा कमाल मर्यादा मानून बसायला नको होते.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या दाराने सुटतो, निदान अर्धा. बाबनिहाय दराच्या निविदेत खोदाई माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक, कठीण खडक अशी वेगवेगळ्या दरांनी मोजली जाते. खडक जास्त निघाला तर मोजमाप पुस्तकात तेवढा चढतो. महाराष्ट्र सरकारच्या बी-१ आणि बी-२ या निविदा-करार नमुन्यांत ३८ वे कलम आहे. एखादे परिमाण २५ टक्क्यांहून जास्त वाढले की वरच्या भागाला सरकारी दरसूचीवर आधारलेला दर लागतो. योगायोग असा की अमेरिकेच्या महामार्ग नियमांतही मूळ परिमाणाच्या १२५ टक्क्यांचीच रेघ आहे. निविदेत नसलेली बाब ‘एक्स्ट्रा आयटम’ म्हणून जाते. पण यात पैसे मिळतात ते परिमाणाचे. बसून राहिलेले पोकलेन, वाढलेला पाण्याचा उपसा, बदललेली कार्यपद्धती यांना या तक्त्यात रकाना नसतो. मऊ खडक कुठे संपला आणि कठीण कुठे सुरू झाला, यावरून साइटवर होणारी हुज्जत तर वेगळीच. दख्खनच्या मुरमात मोठे धोंडे असतात. बोअर अशा धोंड्यावर थांबला की अहवालात कातळ लागतो.

न्यायालयाकडे गेल्यास १९६० चा अलोपी प्रसाद निकाल समोर येतो. सैन्याला तूप पुरवणाऱ्या आढत्यांचा तो खटला होता. अनपेक्षितपणे खर्च वाढला म्हणून ठरलेला दर सोडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, आणि बांधकामाच्या लवादांतही हा निकाल पुढे केला जातो. जागतिक बँकेच्या कर्जाच्या कामांत मात्र प्रतिकूल भूस्थितीचे कलम असते. त्यामुळे एकाच जिल्ह्यातल्या दोन पुलांवर एकसारखा कातळ निघाला, तरी पैसा कुठून आला त्यावर भरपाई ठरू शकते. महामार्गांच्या ईपीसी करारांनी (आराखडा, खरेदी आणि बांधकाम एकाच कंत्राटदाराकडे देणाऱ्या) तर भूतपासणी आणि आराखडा दोन्ही कंत्राटदाराकडे दिल्याने काटा पुन्हा थॉर्न निकालाकडे, म्हणजे कंत्राटदाराच्या माथी जोखीम टाकण्याकडे, झुकला आहे.

बोगद्यांत ही व्यवस्था सर्वाधिक ताणली जाते. कोकण रेल्वेचा पेडण्याचा बोगदा मऊ, पाणी धरणाऱ्या मातीत वारंवार ढासळला. रोहतांगखालच्या अटल बोगद्यात सेरी नाल्याच्या ५८७ मीटर भंगपट्ट्याने (तुटलेल्या खडकाच्या पट्ट्याने) काम वर्षानुवर्षे अडवले. फिडिकने २०१९ मध्ये भूमिगत कामांसाठी काढलेल्या पाचूरंगी पुस्तकात यासाठी भूस्थितीची आधाररेषा करारातच लिहिली जाते: कोणत्या प्रकारचा खडक किती मीटर धरला आहे. प्रत्यक्ष वेगळे निघाले की त्या प्रमाणात मुदत आणि पैसे दोन्ही बदलतात, आणि सोपे निघाले तर उलट दिशेनेही. मात्र अशी आधाररेषा लिहायची तर निविदा काढण्यापूर्वी पुरेसे बोअर घ्यावे लागतात आणि त्यांच्या नोंदींखाली खात्याला सही करावी लागते. आपल्या निविदांना बोअरच्या नोंदी जोडल्या तरी बहुधा ‘फक्त माहितीसाठी’ हा शेरा मारूनच जोडतात.