खेळण्यातल्या डिलिव्हरी व्हॅन: साच्यापासून चोरबाजारापर्यंत

डायकास्ट, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून घडवलेल्या, खेळण्यातल्या डिलिव्हरी व्हॅनचा भाव ठरतो तो तिच्या अंगावरच्या अक्षरांवरून. साचा बनवणं महागडं काम; पण एकदा बनला की तीच बॉडी वेगळ्या रंगात, वेगळ्या कंपनीच्या नावाने पुन्हा पुन्हा विकता येते. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३४ मध्ये डिंकी या आपल्या खेळण्यातल्या गाड्यांच्या २८ क्रमांकाच्या मालिकेत नेमकं हेच केलं. होविस, ऑक्सो, पिकफोर्ड्स, मँचेस्टर गार्डियन: नावं निरनिराळी, व्हॅन तीच. संग्राहक एकाच गाडीच्या दहा-दहा प्रती का जमवतात, त्याचं मूळ इथे आहे.

या मालिकेतल्या अगदी पहिल्या व्हॅन शिशाच्या होत्या. पुढच्या वर्षीपासून मॅझॅक आलं, म्हणजे जस्तात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम. धातू हलका आणि टणक, पण अशुद्धी अजिबात न सोसणारा. मिश्रणात शिसं ०.००५ टक्क्याच्या वर गेलं की धातूच्या कणांमधल्या सांध्यांतून गंज आत शिरतो. आधी रंगाला फुगे येतात, मग कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात, छप्पर कमानीसारखं वर येतं आणि एक दिवस कोपरा बोटात तुटून येतो. दमट उष्ण हवेत हे लवकर होतं, त्यामुळे मुंबईत दुसऱ्या महायुद्धापूर्वीची व्हॅन धडधाकट मिळणं कठीण. यावर इलाज नाही. मात्र हा रोग शेजारच्या गाडीला लागतो ही समजूत चुकीची. दोष ओतकामातच असतो.

युद्धानंतरचा काळ खरा बहराचा. डिंकीच्या बेडफर्ड व्हॅनवर पिवळ्या रंगात कोडॅक आलं, निळ्यावर ओव्हल्टीन. १९५६ मध्ये स्वॉन्झीहून कॉर्गी ही प्रतिस्पर्धी गाड्यांची मालिका अवतरली, खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिक लावून. डिंकीला तिच्यामागे धावावं लागलं. लेस्नी कंपनीच्या मॅचबॉक्स या छोट्या गाड्यांच्या मालिकेने १९५८ मध्ये ४७ क्रमांकाची लाल ट्रोजन व्हॅन काढली, बोटभर लांबीची, बाजूवर ‘ब्रुक बाँड टी’. आपल्या घराघरात ज्या नावाचा चहा उकळतो ते नाव एवढ्याशा गाडीवर वाचताना मराठी माणसाला ती परकी वाटतच नाही.

१९५७ च्या परकीय चलन टंचाईनंतर भारतात आयातीवर निर्बंध आले आणि दुकानांतून ही खेळणी आटली. पुढे डिंकीचे काही जुने साचे कोलकात्याच्या अटॅम्को कंपनीकडे आले आणि ‘निकी टॉइज’ निघाली. साचे झिजलेले, म्हणून कडा बोथट आणि रंगाचा थर जाड. काहींच्या बुडावर डिंकीचं नाव खोडल्याच्या खुणा दिसतात. निकीला कमी लेखणारे पुष्कळ, पण आपल्याकडच्या खेळण्यांच्या इतिहासात तिचं स्थान पक्कं आहे.

एकच बॉडी अनेक नावांनी निघाल्यामुळे बनावटही सोपी झाली. साधी किंवा खराब झालेली व्हॅन घ्यायची, रंग काढायचा, दुर्मीळ नावाचं नवं ट्रान्सफर, म्हणजे छापील अक्षरांचा पातळ पापुद्रा, चिकटवायचं. मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर अशी व्हॅन हाती आली तर दुकानातल्या बल्बखाली भाव ठरवू नये, उजेडात आणावी. आधी ती उलटी करून बुडाचे रिव्हेट पाहावेत: डोकं तासलेलं, ड्रिलने कोरलेलं किंवा जागी स्क्रू असेल तर गाडी उघडली गेली आहे. मग दाराच्या रेषा. पुन्हा रंगवलेल्या गाडीत त्या बुजतात. शेवटी १० पट भिंगातून अक्षरं. जुन्या ट्रान्सफरचा रंग सलग असतो, प्रिंटरवर छापलेल्यात ठिपके दिसतात. नवे टायर चालतात, जुनं रबर तडकतंच.

घरी आणल्यावर साबणपाण्यात बुडवू नये. ट्रान्सफर पाण्यानेच चिकटवलेलं असतं, सुटून येतं. कोरडा मऊ ब्रश पुरे. पावसाळ्यात गाडी आणि तिचं पुठ्ठ्याचं खोकं वेगवेगळं ठेवावं, दोन्हीकडे सिलिका जेलच्या पुड्या टाकून. शिशाची व्हॅन असेल तर नव्या प्लायवूडच्या कपाटात मुळीच नको: लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने तिच्यावर पांढरी भुकटी धरते.