हवेच्या नळीवरचे टाके

फुप्फुसाचं प्रत्यारोपण करताना तीन जोड द्यावे लागतात: हृदयाकडून फुप्फुसात रक्त आणणारी धमनी, तेच रक्त परत नेणाऱ्या शिरांचं हृदयाशी मिळणारं तोंड, आणि हवेची नळी. यातला सर्वांत अवघड कोणता, असं विचारलं तर बहुतेक जण रक्तवाहिन्यांकडे बोट दाखवतील. पण रक्तवाहिन्या जोडण्याची कला शल्यचिकित्सेला विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच साधली होती. फुप्फुस प्रत्यारोपण वीस वर्षं अडून बसलं ते हवेच्या नळीपाशी. अंगठ्याएवढ्या जाडीची ती नळी आणि तिच्यावरची टाक्यांची एक गोल ओळ.

माणसात पहिलं फुप्फुस प्रत्यारोपण केलं ते जेम्स हार्डी यांनी, अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठात, ११ जून १९६३ रोजी. नवं फुप्फुस चाललं, पण मूत्रपिंडं निकामी होऊन रुग्ण अठराव्या दिवशी गेला. त्यानंतरच्या पंधराएक वर्षांत जगभर सुमारे चाळीस प्रयत्न झाले. बेल्जियममधल्या गेंट इथे १९६८ साली शस्त्रक्रिया झालेला एक रुग्ण जवळपास दहा महिने जगला. बाकीचे बहुतेक काही दिवसांत किंवा आठवड्यांत दगावले. पहिल्या एक-दोन आठवड्यांतून जे निभावले, त्यांच्यापैकी अनेकांचा नळीवरचा सांधा उकलला होता.

शल्यविशारदांचा हात बसला नव्हता, अशातली गोष्ट नाही. अडचण शरीराच्या रचनेतच होती. फुप्फुसातून साऱ्या शरीराचं रक्त फिरत असतं, तरी हवेच्या मोठ्या नळ्यांच्या भिंतींना लागणारं रक्त वेगळ्या वाटेने येतं. महाधमनीपासून निघालेल्या, जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीच्या बारीक वाहिन्या ते आणतात. दात्याचं फुप्फुस काढताना त्या कापल्या जातात आणि इतक्या बारीक असतात की सहसा परत जोडल्या जात नाहीत. मग नव्या नळीच्या कापलेल्या कडेला जगायचं ते फुप्फुसातून उलट पाझरत आलेल्या, ऑक्सिजन कमी असलेल्या रक्तावर. पाटाच्या अगदी शेवटी असलेल्या शेतासारखी तिची गत होते. वरच्यांची भिजून उरलं तर तिथपर्यंत पाणी.

आणि जखम भरायला तर रक्त लागतंच. आधी गुठळी धरते, मग पांढऱ्या पेशी येऊन मेलेला भाग आणि जंतू साफ करतात, त्यांच्यामागून धागे विणणाऱ्या पेशी येतात आणि कोलॅजन घालून कडा सांधतात, त्यात नव्या केशवाहिन्या शिरतात. त्वचेवरची जखम हे सगळं पट्टीखाली निवांतपणे करते. नळीवरच्या सांध्याला ती सवलत नाही. प्रत्येक श्वासाबरोबर बाहेरची हवा त्याच्यावरून जाते, जंतूंसकट. प्रत्येक खोकल्याबरोबर त्याला हिसका बसतो.

त्यात भर पडली औषधाची. परकं फुप्फुस शरीराने नाकारू नये म्हणून त्या काळी स्टेरॉइड भरपूर मात्रेत देत. ते न देऊन चालणार नव्हतं. पण सांधा उकलतोय तो शरीराने फुप्फुस नाकारल्यामुळे, रक्त कमी पडल्यामुळे की औषधामुळे? रुग्णात या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडत होत्या आणि त्या वेगळ्या काढायला वाट नव्हती.

टोरांटोमध्ये जोएल कूपर यांनी १९७८ साली केलेल्या प्रत्यारोपणातला रुग्ण असाच तिसऱ्या आठवड्यात, सांधा सुटून गेला. त्यानंतर त्यांच्या गटाने शस्त्रक्रिया बाजूला ठेवून प्रयोगशाळेत जो प्रयोग केला, तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो. कुत्र्याचं फुप्फुस काढायचं आणि त्याच कुत्र्याला परत बसवायचं. फुप्फुस स्वतःचंच, म्हणजे शरीराने ते नाकारण्याचा प्रश्नच मिटला. मग काहींना औषधं द्यायची आणि काहींना नाही. ज्यांना स्टेरॉइड दिलं, त्यांचे सांधे कमकुवत राहिले. जीव वाचवायला दिलेलं औषधच जखम भरू देत नव्हतं.

मग दोन बाजूंनी वाट निघाली. एक होती सायक्लोस्पोरिन. नॉर्वेतल्या मातीच्या नमुन्यात सापडलेल्या बुरशीपासून मिळालेलं हे औषध प्रतिकारशक्तीला आवरत होतं, पण प्रयोगात त्याने सांध्याच्या भरण्यात अडथळा आणला नाही. दुसरी वाट पोटातून आली. आतड्यांवर पदरासारखा पसरलेला चरबीचा एक पडदा असतो, ओमेंटम. पोटात कुठे सूज किंवा छिद्र झालं की तो तिथे जाऊन चिकटतो. म्हणून शल्यविशारद त्याला पोटातला पोलीस म्हणतात. रक्तवाहिन्यांनी तो गच्च भरलेला असतो. टोरांटोच्या गटाने हा पडदा मुळाशी जोडलेलाच ठेवून छातीत वर ओढून घेतला आणि सांध्याभोवती गुंडाळला. काही दिवसांतच त्यातल्या वाहिन्या नळीच्या भिंतीत शिरल्या. कोरड्या शेताला शेजारच्या विहिरीचं पाणी मिळालं.

नोव्हेंबर १९८३ मध्ये फुप्फुसं कडक होत चाललेल्या, ५८ वर्षांच्या एका रुग्णावर टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये हे सगळं एकत्र वापरलं गेलं. सांधा भरला. तो माणूस घरी गेला, कामावर परतला आणि सहा वर्षांहून अधिक जगला.

पुढे ओमेंटमची ही युक्ती मागे पडली. त्यासाठी पोटही उघडावं लागायचं, आणि तोवर लक्षात आलं की दात्याची नळी जितकी आखूड कापावी, तितकं उलट पाझरणारं रक्त कडेपर्यंत नीट पोहोचतं. म्हणून आता ती फाट्याच्या अलीकडे कूर्चेची एखाद-दुसरी कडी ठेवूनच कापतात. स्टेरॉइडही परत आलं. बेताच्या मात्रेत ते आज पहिल्या दिवसापासून देतात. फुप्फुस काढल्यापासून बसवेपर्यंत त्याची निगा राखण्याची तंत्रंही सुधारली. त्यातलं एक तर पाहण्यासारखं आहे: पारदर्शक घुमटाखाली शरीराबाहेर काढलेली फुप्फुसं ठेवलेली असतात, ३७ अंशांचा द्रव त्यांच्यातून फिरतो, यंत्र हवा भरतं आणि ती फुलतात, मिटतात. शंकास्पद वाटणारी फुप्फुसं अशी काही तास पारखून वापरता येतात. नाहीतर ती वायाच गेली असती.

आज सांधा उकलणं विरळा झालं आहे. नळी त्या जागी भरताना जास्तच आवळणं हा त्रास मात्र दिसतो आणि ती फुग्याने रुंद करावी लागते. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत बारीक दुर्बीण घालून सांधा पाहतात. आधी फिकट, कडेला पांढुरकी साय धरल्यासारखा. नीट भरत असेल तर हळूहळू गुलाबी, आणि मधून निळे टाके डोकावणारा.

एक गोष्ट मात्र टाक्यांनी जोडता येत नाही, ती म्हणजे नसा. सांध्याच्या खाली कफ साचला तरी रुग्णाला खवखव जाणवत नाही, त्यामुळे खोकला आपसूक येत नाही. म्हणून त्याला ठरवून खोकायला शिकवतात. गुदगुल्या नसताना, उबळ नसताना, दिवसातून अनेकदा: खोल श्वास, जरा थांबायचं आणि जोरात खोकायचं. रोज सकाळी तो हातातल्या छोट्या यंत्रात फुंकर मारून आकडा वहीत लिहितो. आकडा नेहमीपेक्षा दहा टक्क्यांनी उतरला तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरांना कळवायचं, हे त्याला घरी सोडतानाच बजावलेलं असतं.